डिमेन्शियाच्या रुग्णांना औषधासाठी रांगेत आणण्याची सक्ती थांबविण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची निवेदने

महोदय,

डिमेन्शिया झालेल्या आई-वडिलांना घरी सांभाळणारे आम्ही मुलगे, मुली आणि सुना. आधीच्या निवेदनांवर पोचेचे शिक्के मिळाले, उत्तर मिळाले नाही. २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, आपल्याच सभागृहात ‘दिवाळीपूर्वी स्वतंत्र खिडकी सुरू करू’ असे जाहीर झाले. दिवाळी होऊन गेली, खिडकी नाही. नियम आपणांस ठाऊक आहेत; ते येथे उतरवत नाही.

मुख्य गाऱ्हाणे औषधांचे आहे. दर वेळी ‘पेशंट समोर आणा’ असे सांगितले जाते. अंघोळीला, कपडे बदलायला नकार देणाऱ्या माणसाला सकाळीच घराबाहेर काढावे लागते. आधी केसपेपरची रांग, मग ओपीडीची, मग औषधाची. गर्दीत तो घाबरतो, हात झटकतो, शिव्या देतो. लोक ‘वेडा आहे का’ म्हणतात. आईला घेऊन आलेल्या मुलाला स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाता येत नाही आणि तिला आत एकटी सोडता येत नाही. मग ती दुपारपर्यंत ओल्या साडीत बसून राहते. आमच्यापैकी एकाचे वडील, मुलगा औषधाच्या खिडकीशी असताना, मागच्या फाटकातून निघून गेले. संध्याकाळी एसटी स्टँडवर सापडले. निवृत्त वाहक ते. ‘ड्युटीवर निघालोय’ म्हणत होते. हे लेखी कळवले तेव्हा ‘चौकशी करू’ असे सांगण्यात आले. त्या चौकशीचे काय झाले, अद्याप कळलेले नाही. एवढे सोसून हाती पडतात दहा दिवसांच्या गोळ्या. ‘उरलेल्या बाहेरून घ्या.’ रोजंदारीवर जाणाऱ्या मुलीने त्या कशातून घ्यायच्या?

‘असे रुग्ण थोडेच असतात’ हेही आम्हाला ऐकवले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. ते ओपीडीत दिसत नाहीत, कारण त्यांना तिथवर आणणेच घरच्यांना जमत नाही.

आमच्या मागण्या :

१. निदान झालेल्या रुग्णाच्या पूर्ण महिन्याच्या गोळ्या कागदपत्रे पाहून नातेवाइकाकडे द्याव्यात. तपासणी आवश्यक असेल तेव्हाच, वेळ ठरवून, रुग्णास बोलवावे.
२. जाहीर केलेली खिडकी सुरू करावी. नातेवाइकाला सोबत जाता येईल असे एक स्वच्छतागृह असावे.
३. अंथरुणाला खिळलेल्यांची दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची तपासणी घरी व्हावी.
४. सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा समुपदेशन ठेवावे.

आम्हाला उपोषणाला बसता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. घरातले माणूस तासभरही एकटे ठेवता येत नाही. म्हणून आमच्या मागण्या लांबणीवर टाकणे सोपे जाते, हे आम्ही जाणतो. यावेळी तोंडी आश्वासन नको. पहिल्या मागणीचा लेखी आदेश १५ दिवसांत काढून त्याची प्रत आम्हास द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
डिमेन्शियाग्रस्तांचे कुटुंबीय
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)