टाका सोलापूरला, जखम परंड्याला

आतड्याच्या काही शस्त्रक्रियांत पोटावर काही महिने शौचाची तात्पुरती वाट काढून ठेवतात. तिला ‘स्टोमा’ म्हणतात. पुढे आतडे जोडून ती बंद केली की रुग्ण सुटला, असे घरच्यांना वाटते. परंतु तिथली कातडी विष्ठेच्या जंतूंत राहिलेली असते. ती सरळ रेषेत घट्ट शिवली, तर आत पू साठण्याचा धोका मोठा. १९९७ मध्ये बॅनर्जी या शल्यचिकित्सकांनी साधा उपाय मांडला. बटव्याची नाडी ओढावी तसा गोल टाका घालायचा आणि मधे लहानसे भोक मोकळे सोडायचे. स्राव बाहेर पडतो, जखम आतून भरत येते. पुढच्या तुलनात्मक चाचण्यांत या पद्धतीत जंतुसंसर्ग बराच कमी आढळला. त्यासाठी ना यंत्र लागते, ना महागडा धागा.

मग अडचण कुठे? माझ्या मते ती शस्त्रक्रियागृहाबाहेर आहे. ही जखम भरायला काही आठवडे लागतात आणि तोवर नियमित ड्रेसिंग हवे. भूम-परंड्याचा मजूर शस्त्रक्रियेसाठी बार्शी-सोलापूर गाठेलही. पण दर ड्रेसिंगला रोजगार बुडवून एसटीने तिथवर जाणे त्याला परवडेल काय?

धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे हा टाका शिकवावाच. पण ती जखम कशी सांभाळायची, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेलाही शिकवले पाहिजे. तसे झाले नाही, तर शल्यचिकित्सकाने टाळलेला पू गावात पुन्हा धरेल आणि त्याची किंमत रुग्णच मोजेल.