मेजवानीला यजमान, तक्रारीला परके

डॉक्टरांच्या, वकिलांच्या, वास्तुविशारदांच्या, सनदी लेखापालांच्या संघटनांची वार्षिक अधिवेशने काय थाटाची असतात! पंचतारांकित हॉटेल, प्रायोजकांच्या कमानी, मंत्रिमहोदयांच्या हस्ते दीपप्रज्वलन, गळ्यात बिल्ला आणि रात्री 'स्नेहमेळावा'. जेवणात पनीर कमी पडले तर जाब द्यायला भोजन समिती हजर असते. त्याच रात्री एखाद्या ज्येष्ठाने निवासी डॉक्टर असलेल्या मुलीच्या कमरेला हात घातला, तर तिने कोणाकडे जायचे, हे मात्र कार्यक्रमपत्रिकेच्या एकाही पानावर छापलेले नसते.

ती धीर करून कोणाकडे गेलीच, तर काय ऐकते? "सर मोठे आहेत. त्यांनी जरा घेतली होती. तुझं करिअर अजून व्हायचंय." तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच: गप्प बस. आणि तिने गप्प बसावे अशीच सारी रचना आहे. हा सद्गृहस्थ तिचा साहेब नसतो, तिच्या रुग्णालयातही नसतो. पण उद्या तिच्या परीक्षेला परीक्षक म्हणून तोच येतो, तिचा शोधनिबंध त्याच्याच टेबलावर जातो, पुढच्या परिषदेत कोणाला व्यासपीठ द्यायचे हेही तोच ठरवतो. कनिष्ठ वकील मुलीची गतही निराळी नाही. ज्याच्या एका शब्दाने ब्रीफ मिळते, त्याच्या एका शब्दाने ती बंदही होते. पगार न देताही माणूस पोटावर पाय देऊ शकतो, हे या महाजनांना पुरते ठाऊक आहे.

तरीही पदाधिकारी साळसूदपणे सांगतात, "सभासद काही आमचे नोकर नाहीत, मग आमची जबाबदारी कसली?" 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर नाते नाही, त्यामुळे वकिलांच्या तक्रारींना 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तिथे लागू होत नाही. हा निर्णय कानी पडताच किती जणांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल! पण कायद्याने समिती नेमायला भाग पाडले नाही, म्हणून ती नेमायला कोणी बंदी केली आहे काय? भोजन समिती कोणत्या कलमाखाली नेमता?

आणि न्यायालयाने काही सांगितलेच नाही, हे तरी खरे कुठे आहे? राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवीवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्यातून लढा उभा राहिला आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर 2012 मध्ये त्याच न्यायालयाने नावे घेऊन बजावले: बार कौन्सिल, मेडिकल कौन्सिल, वास्तुकला परिषद, सनदी लेखापालांची आणि कंपनी सचिवांची संस्था, या सर्वांनी आपल्याशी संलग्न संघटना आणि व्यक्ती ही तत्त्वे पाळतात याची खात्री करावी. हा आदेश किती संघटनांनी आपल्या सभासदांना वाचून दाखवला? इतरांना कायदा शिकवून फी घेणाऱ्यांची ही तऱ्हा!

'घरातले घरात मिटवू' म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या छळाचा हेमा समितीचा अहवाल साडेचार वर्षांहून अधिक काळ दडपून ठेवला गेला. ऑगस्ट 2024 मध्ये तो बाहेर येताच आरोपांची राळ उडाली, कलाकारांच्या संघटनेचे पदाधिकारीही त्यातून सुटले नाहीत आणि अख्ख्या कार्यकारिणीला पायउतार व्हावे लागले. झाकली मूठ इतकी महाग पडते.

करायचे काय, हे काही गूढ नाही. वागणुकीचे नियम नोंदणीच्या अर्जातच छापा आणि सही घ्या. अंगचटीला येणे, द्वयर्थी विनोद, रात्री-अपरात्रीचे मेसेज, 'मॅडम, जरा हसा की' ही सलगी, सारे त्यात स्पष्ट लिहा. कायदा फक्त स्त्रीला संरक्षण देतो. तुमचा नियम तरुण मुलांनाही द्या, कारण त्यांचीही विटंबना होते आणि ते तर तोंडही उघडत नाहीत. तक्रार घेणाऱ्यांत संघटनेबाहेरची एक जाणकार व्यक्ती हवीच. अध्यक्षांच्या मित्रमंडळाने अध्यक्षांच्या मित्राची चौकशी करणे हा निव्वळ फार्स आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसले की त्याच रात्री बिल्ला काढून घ्या. चौकशीत दोष सिद्ध झाला तर व्यासपीठ, पुरस्कार आणि परीक्षकपद, तिन्ही बंद. तक्रारदाराला पुढे कोणी छळले, तर तो वेगळा गुन्हा धरा.

यातले काहीही करायला ना निधी लागतो, ना सरकारची परवानगी. लागतो तो कणा, आणि नेमका तोच या कार्यकारिणींकडे नाही.

सभासदहो, पुढच्या अधिवेशनाचे शुल्क भरण्यापूर्वी संघटनेला लेखी विचारा: छळाची तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाचे नाव आणि फोन नंबर द्या. उत्तर आले नाही, तर एक पैसाही भरू नका.