मैदान खेळाडूंसाठी की पाहुण्यांसाठी?



कॉलेजचं मैदान म्हटलं की हल्ली लगेच कोटींची भाषा सुरू होते. सिंथेटिक ट्रॅक हवा, मॅट हवी, जिम हवी, वर प्रेक्षागृहही हवं. आम्ही ऊस विकास खात्यातली माणसं. शिवारात फिरताना सभासद विचारतात, "साहेब, पोरांच्या फीत आणि ऊसबिलाच्या कपातीत हे सगळं बसायचं कसं?" प्रश्न रास्त आहे.

हिशेब मांडून पाहू. 400 मीटरच्या, आठ लेनच्या ट्रॅकला सुमारे चार एकर सपाट जमीन लागते. एकरी 40 टन धरला तर 160 टन उसाचं रान ते. त्यावर सिंथेटिक थर दिला की खर्च कोटींत जातो आणि काही वर्षांनी तो थर पुन्हा बदलावा लागतो. खोडवा फुकटात येतो असं समजणाऱ्याची जी गत होते, तीच हा मागचा खर्च विसरणाऱ्या संस्थेची होते.

मग खर्च करूच नये का? तसं आमचं म्हणणं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. पण 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या मॅटवर लढावं लागलं, आणि ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. 2023 साली बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती ठरलेल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीचा सराव तर उसाच्या रानातल्या मैदानावर झाला.

तेव्हा कसोटी साधी आहे. जो पैसा खेळाडूच्या पायाखाली, हातात आणि ताटात जातो, तो आधी खर्चावा. कबड्डीची मॅट, चांगला प्रशिक्षक, खुराक, स्पर्धेचा प्रवासखर्च हे पहिलं. प्रेक्षागृह, कमान आणि कोनशिला मागाहून. ट्रॅक प्रत्येक कॉलेजला कशाला? तालुक्यातल्या संस्थांनी मिळून एक करावा. सहकार आपल्याला नवा नाही. कपात मागायचीच असेल, तर देखभालीसकट आकडे वार्षिक सभेपुढे ठेवावेत आणि मैदान सकाळ-संध्याकाळ सभासदांच्या मुला-मुलींना खुलं राहील, हे ठरावातच लिहावं.

बेणं आपल्याकडे उत्तम आहे. पाणी मुळाशी द्यायचं की बांधावर सोडायचं, हे सभासदांनी ठरवावं.