पहिल्या पगाराचा लॅपटॉप

परवा माळा आवरताना जुन्या बॅगेतून तो निघाला. २०१२ साली नोकरी लागल्यावर पहिल्या तीन-चार पगारांतून पैसे साठवून घेतलेला लॅपटॉप! धूळ झटकली, चार्जर लावला, बटण दाबलं आणि पठ्ठ्या चक्क सुरू झाला. कीबोर्ड तर असा की आजच्या चपट्या लॅपटॉपवाल्यांना हेवा वाटावा. फक्त वाय-फाय गेलेलं. म्हटलं, कार्डच तर बदलायचंय. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातलं एक आणलं, स्क्रू काढून बसवलं... आणि पडद्यावर इंग्रजीत दटावणी आली की हे कार्ड मंजूर नाही, काढून टाका. बस्स, गाडी पुढे हलेचना!

कार्ड उत्तम होतं. पण कंपनीने (नाव राहू दे) बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी घालून ठेवलीय आणि माझं त्यात नाही. पैसे माझे, लॅपटॉप माझा आणि परवानगी मात्र त्यांची! बायोसचे अपडेट्स बंद होऊनही वर्षं लोटली. वर विंडोज ११ या प्रोसेसरला दारातच उभं करत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, भंगारात द्या, नवीन घ्या."

ऑफिसमधला सिस्टीम अ‍ॅडमिन मित्र मात्र उसळलाच. "फेकू नकोस रे! आयव्ही ब्रिज आहे ना? मग कोअरबूट टाकता येईल."

आता हे कोअरबूट काय? बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम कामाला लागतो. तो फर्मवेअर. बायोस म्हणतो ना, तोच. कंपनीचा बायोस म्हणजे बंद पेटी, तर कोअरबूट म्हणजे त्याच जागी बसणारं, कोड सगळ्यांना उघडा असलेलं फर्मवेअर. १९९९मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी ते लिनक्सबायोस या नावाने सुरू केलं. ढीगभर कॉम्प्युटर जोडून एक मोठं मशीन बनवायचं आणि त्यातला एकेक बायोस कीबोर्ड सापडत नाही म्हणून अडून बसणार, हे कोण सहन करेल? २००८मध्ये नाव बदलून कोअरबूट झालं. आज क्रोमबुक्समध्ये तेच असतं.

पण माझ्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तीच जास्त भावली. इंटेलचे २०११चे सँडी ब्रिज आणि २०१२चे आयव्ही ब्रिज हे प्रोसेसर सुरू होतात तेव्हा त्यांना रॅम वापरताच येत नाही. आधी प्रत्येक रॅमच्या पट्टीशी सूर जुळवावे लागतात, गवई मैफिलीआधी तंबोरा लावतो तसे. हे कसं करायचं ते इंटेलने उघड केलं नाही. त्या काळच्या क्रोमबुक्समध्येसुद्धा कोअरबूटला एवढ्या कामापुरती एक बंद फाइल सोबत घ्यावी लागे. मग हौशी मंडळी हटून बसली. चिपला नेमक्या काय सूचना जातात ते तपासत त्यांनी तो सगळा भाग स्वतः लिहून काढला आणि २०१४च्या सुमारास या दोन पिढ्यांसाठी तो कोअरबूटमध्ये आला. म्हणून आज लेनोवो, एचपी, डेलचे त्या काळातले कितीतरी बिझनेस लॅपटॉप यादीत दिसतात.

सगळंच मोकळं झालं असं मात्र नाही हं. चिपसेटमध्ये इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन नावाचं वेगळं प्रकरण बसलेलं असतं. ते पूर्ण पुसलं तर मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. छाटता येतं, काढता येत नाही. प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या, म्हणजे मायक्रोकोड, त्याही इंटेलच्याच हातात. स्पेक्टरचा घोळ उघड झाल्यावर माझ्या पिढीला त्या मिळाल्या, पण एप्रिल २०१८मध्ये इंटेलने पेनरिनसारख्या जुन्या कोअर टू पिढीला मिळणार नाहीत, असं सांगून टाकलं.

आणि कोड उघडा आहे म्हणून तो कायम राहील, हेही खरं नाही. एएमडीच्या जुन्या ऑप्टेरॉन प्रोसेसरसाठीचा असूसचा केजीपीई-डी१६ हा बोर्ड म्हणजे मोकळ्या फर्मवेअरवाल्यांचा जीव की प्राण. पण २०१९च्या ४.११ आवृत्तीनंतर कोअरबूटने तो वगळला. कारण साधं होतं. नव्या रचनेत त्याचा कोड बसवून द्यायला कोणी पुढे आलं नाही. कोड मात्र उघडाच होता. पुढे पोलंडमधल्या थ्रीएमडेब कंपनीने आपल्या दाशारो फर्मवेअरमध्ये त्याला पुन्हा उभं केलं. बंद बायोसच्या बाबतीत असं कोणाला करता आलं असतं?

तर सध्या माझ्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा पडलाय. आठ पायांच्या त्या चिपला चिमटा, चिमट्याला प्रोग्रॅमर, प्रोग्रॅमरला दुसरा लॅपटॉप. चूक झाली तर मशीनची वीट! म्हणून मित्राच्या हुकमावरून मूळ बायोस दोनदा वाचून ठेवलाय, दोन्ही फाइल्स तंतोतंत जुळल्या. रविवारी सकाळी तो येतोय. त्याने कांदेपोह्यांची अट घातलीय आणि आईने टेबल दुपारच्या जेवणाआधी रिकामं हवं म्हणून बजावलंय.