चलान भरायचं की दाद मागायची?

जुम्म्याची नमाज पढून घरी आलो तोच आपाचा फोन. आवाज घाबरलेला. "भैया, माझ्या नावावर पोलिसांचे मेसेज आले आहेत. एक नाही, दोन. मी तर महिनाभर बाजाराच्या पुढे पाऊल टाकलं नाही."

आपाची स्कूटर तिच्या नावावर आहे. चालवतो तिचा मुलगा. तो गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात कामाला आहे. गठ्ठे पोचवायचे, उधारी आणायची, दिवसभर गाडीवर. चलान मात्र गाडी ज्याच्या नावावर त्याच्या मोबाइलवर येतं. त्यामुळे गाडी चालवणारा दुकानात निवांत होता आणि घरात बसलेली आपा हवालदिल.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. दोन्ही मेसेज पाहिले. पहिला गांधीबागेतला : नो पार्किंग, पाचशे रुपये. दुसरा आठ दिवसांनंतरचा, तोही पार्किंगचाच, पण नागपुरातला नाही. दूरच्या एका शहरातला. त्यात दंड पंधराशे, कारण यंत्राच्या हिशेबी आपाच्या गाडीचा तो दुसरा गुन्हा. एकूण दोन हजार. ज्या घरात मुलाच्या पगारावर चूल पेटते आणि आपाच्या शिलाई मशीनवर बाकीचं भागतं, तिथे दोन हजार म्हणजे लहानीच्या ट्यूशनची फी.

घरात लगेच दोन पक्ष पडले. आपाचं म्हणणं, दोन्ही भरून टाका. "कोर्टाची पायरी नको. मोहल्ल्यात कळलं तर लोक काय म्हणतील?" भाच्याचं म्हणणं, एकही भरायचं नाही. "मामू, दोन्ही लढू. सगळेच गाड्या लावून राहिले तिथं, मग आपल्यालाच काहून?"

मला दोघांचंही पटलं नाही. आपा भीतीने बोलत होती आणि भाचा रागाने. चलान तर दोघांपैकी एकानेही नीट उघडून पाहिलं नव्हतं.

आधी फोटो पाहा

वाचक भगिनी-बंधूंनो, चलान आलं की पहिलं काम पैसे भरण्याचंही नाही आणि भांडण्याचंही नाही. पहिलं काम पाहण्याचं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान उघडतं. तारीख, वेळ, जागा, कलम आणि बहुतेक वेळा फोटोही दिसतो. हे दोन्ही नंबर आरसी बुकावर असतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चलानच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवून मोबाइलमधून बँकेचे पैसे पळवणाऱ्या टोळ्या सध्या फार आहेत. व्हॉट्सअॅपवर आलेली कुठलीही चलानची फाइल उघडू नका, मोबाइलमध्ये घेऊ नका. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा संकेतस्थळाचं नाव स्वतः टाका आणि पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि बायकांना हे आवर्जून सांगा, कारण घाबरून पटकन बोट ठेवणारी माणसं बहुधा तीच असतात.

फोटो पाहिल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. फोटोतली गाडी आपलीच आहे का? त्या दिवशी, त्या वेळी ती तिथे होती का? आणि होती, तर नियम खरंच मोडला का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर दंड भरायचा. एकाचंही उत्तर ठाम 'नाही' असेल तर दाद मागायची. मध्ये आपला राग, आपली ओळख, आपली सोय आणायची नाही.

पहिलं चलान

पहिल्या फोटोत गाडी आपाचीच. मागच्या मडगार्डवरचा ओरखडासुद्धा ओळखीचा. भाचा म्हणाला, "पण तिथं बोर्डच नव्हता. तेवढंच लिहू ना तक्रारीत."

रविवारी सकाळी मी त्याला घेऊन त्या जागी गेलो. त्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं. गाडी लावली होती तिथून बोर्ड दिसत नव्हता. तो पुढे, दुकानाच्या छताआड होता. पण गाडी उभी होती ती अगदी वळणावर. वळणावर, चौकाच्या तोंडाशी, झेब्रा पट्ट्यांजवळ, बसथांब्यावर, दवाखान्याच्या किंवा शाळेच्या दारात, कुणाचं फाटक अडवून, किंवा एका उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी गाडी लावणं हे बोर्ड असो नसो, चुकीचंच आहे. बोर्ड लागतो तो एरवी मोकळ्या असलेल्या जागेवर बंदी घालायला.

मी त्याला काही बोललो नाही. आम्ही दहा मिनिटं तिथे चहा पीत उभे राहिलो. तेवढ्यात मेयोच्या दिशेने एक ऑटो आला. आत एक बाई आडवी, तिच्यासोबतच्या म्हातारीचा हात बाहेर, वाट मागणारा. नेमक्या त्या वळणावर दोन मोटारसायकली लावलेल्या. ऑटोवाल्याला मागे घेऊन पुन्हा वळवावं लागलं. मिनिटभराचाच खोळंबा असेल. पण त्या म्हातारीचा चेहरा भाच्याने पाहिला.

"पाचशे भरतो, मामू," तो म्हणाला. "माझ्या पगारातून. अम्मीला सांगू नका की बोर्डचं खोटं लिहिणार होतो म्हणून."

सांगितलं नाही. पण इथे लिहितो आहे, कारण हा मोह एकट्या त्याचा नाही. पाचशे रुपये वाचवायला आपण किती सहज लिहून टाकतो : गाडी बंद पडली होती, पेशंट होता, बोर्ड नव्हता. वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हाही सदका, हे आपण मुलांना मदरशापासून शिकवतो. मग वाटेत आपणच आणून ठेवलेला दगड कुणी दाखवला तर त्यासाठी खोटं का बोलायचं?

दुसरं चलान

दुसऱ्या फोटोत गाडी स्कूटरच, पण रंग वेगळा आणि पुढचा दिवा वेगळा. नंबर प्लेट धुळीने माखलेली. एक आकडा तीन आहे की आठ, ते नीट कळत नव्हतं. आपाची गाडी त्या तारखेला नागपुरातच होती. दुपारी पेट्रोल भरल्याची पावती भाच्याच्या पाकिटात सापडली.

आपा तरीही म्हणाली, "भरून टाका ना. पंधराशे गेले तर गेले, कटकट संपेल."

कटकट संपत नाही आपा, तिथूनच सुरू होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 177 पाहा. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी त्यात पहिल्या चुकीला शंभर आणि पुढच्या प्रत्येक चुकीला तीनशेपर्यंत दंड होता. दुरुस्तीनंतर तो पाचशे आणि पंधराशेपर्यंत झाला, आणि महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर 2021 पासून लागू आहेत. म्हणजे न केलेली चूक आपण कबूल केली तर ती आपल्या नावावर नोंदली जाते. शिवाय खरी चूक करणारा मोकळा सुटतो. आणि समजा कुणी आपला नंबर मुद्दाम वापरत असेल, तर उद्या तो पार्किंगपेक्षा मोठं काही करेल. त्या वेळी 'ही गाडी माझी नव्हे' हे सांगायला आज केलेली तक्रारच हातात असेल.

म्हणून तक्रार केली. संकेतस्थळावर आणि अॅपवर तक्रारीची सोय आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आम्ही आरसी बुकाचा फोटो, गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने काढलेले फोटो आणि पेट्रोलची पावती जोडली. मजकूर चार ओळींचा : चलान नंबर अमुक, फोटोतली गाडी माझी नाही, रंग आणि दिवा जुळत नाही, त्या दिवशी माझी गाडी नागपुरात होती. 'गरीब आहे, दया करा' असं काही लिहिलं नाही. दया मागितली की मुद्दा हरवतो.

पहिल्यांदा तक्रार फेटाळली गेली. कारण आमचे फोटो संध्याकाळी काढलेले, रंगच दिसत नव्हता. दुसऱ्यांदा उन्हात काढून पाठवले. एकोणिसाव्या दिवशी चलान रद्द झाल्याचं दिसलं. आपाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, आपलं कोण ऐकणार?"

हे वाक्य मला लागलं. आपल्या घरांत ते फार ऐकू येतं. कधी त्याला अनुभवाचा आधार असतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा आपण विचारलेलंच नसतं.

कोर्टाची भीती

तक्रार मान्य झाली नसती तर? चलान भरलं नाही की प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टात जाऊ शकतं. राज्यातलं असं पहिलं न्यायालय आपल्याच जिल्ह्यात, काटोलला. 31 ऑक्टोबर 2020 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश आणि नागपूरचे सुपुत्र शरद बोबडे यांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे कुणाला जावं लागत नाही. मोबाइलवर सूचना येते, संकेतस्थळावर प्रकरण उघडतं आणि दोनच वाटा असतात : गुन्हा कबूल करून दंड भरा, किंवा मला हे मान्य नाही असं कळवा. मान्य नाही म्हटलं की प्रकरण त्या भागातल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं आणि तारखा सुरू होतात.

हिशेब करायचा तो इथे. चलान दूरच्या शहरातलं असेल तर तारखेला जाणं-येणं, बुडालेली रोजी, वकील हे सगळं पंधराशेच्या पुढे जातं. म्हणून तक्रारीची पायरी वाया घालवू नका. ती पहिली आहे, फुकट आहे आणि घरबसल्या आहे.

राष्ट्रीय लोक अदालतीतही थकलेली चलानं तडजोडीला ठेवली जातात. नागपुरात ती सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात भरते. पण लक्षात ठेवा, लोक अदालत तडजोडीसाठी आहे. चूक झाली आहे आणि प्रकरण मिटवायचं आहे अशांनी तिथे जावं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. चूक झालीच नाही असं ज्याचं म्हणणं आहे, त्याने आधी दाद मागावी.

आणि आपासारख्या बहिणींसाठी एक गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यात तिच्या उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो. गाडी बाईच्या नावावर असेल तर चलानही तिच्या नावावर येतं, आणि हा हक्कही तिचाच.

घरातली तीन कामं

हा महिना संपण्याआधी तीन कामं करून टाका. आरसीवर नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते पाहा. बंद असेल तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून बदला, नाहीतर चलान येतं आणि कळतच नाही. गाडी विकली असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा. कायदा तसं सांगतो, आणि नावावर गाडी तोवर दंडही नावावर. जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी तिच्यावरची थकलेली चलानं पाहा. आणि 'जुनं चलान आपोआप मिटतं' या कट्ट्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका. गाडी नावावर करताना ते आडवं येऊ शकतं.

परवाच्या जुम्म्याला भाचा नमाजला उशिरा पोचला. शेवटच्या सफेत उभा राहिला. सलाम फेरल्यावर मी विचारलं, उशीर का? म्हणाला, "मशिदीपुढे जागा नव्हती, मामू. वळणावर होती, पण तिथं नाही लावली. पुढच्या मैदानात लावून चालत आलो."

बाहेर पडलो तेव्हा वळण मोकळं होतं. एक रिक्षा भरल्या वेगात, न थांबता निघून गेली.