छातीतला वारा

माझ्या बहिणीचा मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. तो राहतो त्या गल्लीत खाली मेस, मधल्या मजल्यावर शिकवणी, वर अभ्यासिका आणि कोपऱ्यावर झेरॉक्स. पोरांना रस्ता ओलांडायचीही गरज पडू नये अशी सोय. दिवाळीनंतर त्याच्या वेळापत्रकात एक नवा तास आला, मेडिटेशनचा. पहाटे, पहिल्या टेस्टच्या आधी. म्हटलं, काय करता रे त्यात? म्हणाला, "मावशी, डोळे मिटून ताठ बसायचं आणि आपली रँक डोळ्यांसमोर आणायची. हलायचं नाही. सर म्हणतात, मन एकाग्र झालं की मार्क वाढतात."

मार्कांचं मला कळत नाही. पण सतरा वर्षांच्या पोरानं झोप मोडून, पोट रिकामं ठेवून, दात आवळून रँकेवर मन खिळवायचं, याला तिबेटी परंपरेतला कुणी जाणकार ध्यान म्हणणार नाही. आजाराची तयारी म्हणेल. त्या आजाराला त्यांच्याकडे नाव आहे, लक्षणं आहेत, पथ्य आहे. ते सांगण्यासाठीच आजचं सदर.

तिबेटी माणूस आपल्याला भेटतो तो स्वेटर विकताना. थंडीच्या तोंडावर आपल्या शहरांत त्यांचे तंबू लागतात, आपण घासाघीस करतो, बाई हसून मान हलवते आणि भाव तोच ठेवते. माल बहुतेक लुधियानाचा. आपल्या नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस त्याच लुधियानावरून जाते. मी त्याच गाडीनं गेले. डब्यात हुजूर साहिबचं दर्शन घेऊन परतणारी पंजाबी कुटुंबं होती आणि त्यांनी मला उपाशी राहू दिलं नाही. जालंधरला उतरून पुढं बसनं धर्मशाळा, तिथून वर धरमकोट. तिथं 1972 पासून तुषिता नावाचं केंद्र आहे, लामा येशे आणि लामा झोपा यांनी सुरू केलेलं. नवख्यांसाठीच्या शिबिरात नाव घातलं होतं. कारण साधं होतं. झोप लागत नव्हती आणि घरच्यांवर ओरडणं वाढलं होतं.

मी नऊ श्वासांपासून सुरुवात केली. एका नाकपुडीनं घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, असं तीनदा. मग बाजू बदलून तीनदा. मग दोन्हींनी तीनदा. आधी उजवी की डावी, यावर तिथल्या परंपरांतही एकमत नाही. आपल्याकडच्या अनुलोम-विलोमाचं हे सख्खं भावंड; फक्त सोडताना राग, हाव, मनाचा मंदपणा बाहेर जातोय अशी कल्पना करायची. नऊ झाले की थांबायचं. आणखी केले तर आणखी फायदा, असला हिशेब नाही. आपल्याला हेच जड जातं. आम्ही सूर्यनमस्कार घातला तरी आकडा सांगतो.

तिबेटी योगातला जो प्रकार मला मनापासून आवडला त्याचं नाव कुम न्ये. तारथांग तुल्कु नावाचे लामा तिबेट सुटल्यावर वाराणसीच्या संस्कृत विद्यापीठात शिकवत होते. नंतर ते अमेरिकेत बर्कलीला गेले आणि 1978 साली त्यांनी कुम न्येवर पुस्तक लिहिलं. त्यातला एक व्यायाम असा: उभं राहायचं, दोन्ही हात बाजूनं वर न्यायचे, डोक्यापर्यंत. एवढंच. पण वर जायला एक मिनिट लावायचं आणि खाली यायलाही एक मिनिट. करून बघा. पंधराव्या सेकंदाला हात घाई करतात, खांदे कानांकडं चढतात, श्वास कोंडतो. आपण दिवसभर किती ओढाताणीत जगतो ते दंडाच्या स्नायूला आधी कळतं, डोक्याला मागाहून. हात खाली आले की काही मिनिटं नुसतं बसायचं आणि अंगात जी झिणझिण, ऊब, जडपणा उरलाय तो अनुभवायचा. व्यायामापेक्षा हे बसणं महत्त्वाचं. आपण शवासन गुंडाळून चप्पल शोधायला लागतो, तिथं त्यांचं काम सुरू होतं.

त्या भागातल्या मठांच्या भिंतींवर एक चित्र हमखास दिसतं. डोंगरातून वळणं घेत वर जाणारी वाट, वाटेवर एक काळा हत्ती, त्याला ओढणारं माकड आणि हातात दोर नि अंकुश घेऊन मागं धावणारा भिक्खू. वाटेच्या नऊ टप्प्यांत हत्ती हळूहळू पांढरा होतो, माकड मागं पडतं आणि शेवटी हत्ती भिक्खूशेजारी निवांत पहुडतो. तिबेटच्या पठारावर हत्ती कुठला? तो इथूनच गेला. आठव्या शतकाच्या अखेरीला नालंदेचे आचार्य कमलशील तिबेटात गेले. चित्त टप्प्याटप्प्यानं कसं स्थिर होतं, हे त्यांनी 'भावनाक्रम' ग्रंथात मांडलं. हत्ती म्हणजे आपलं चित्त, काळा रंग म्हणजे लय, पेंगुळलेपण. माकड म्हणजे औद्धत्य, उड्या मारणं. तिसऱ्या टप्प्यावर हत्तीच्या पाठीवर एक ससा येऊन बसतो. हा ससा फार लबाड. तो म्हणजे सूक्ष्म लय: मन शांत वाटतं, बरं वाटतं, पण आतून धार गेलेली असते. रात्री अकराला पुस्तक उघडं ठेवून पान न उलटता बसलेली पोरं मी अभ्यासिकेच्या काचेतून पाहिली आहेत. सगळ्यांच्या पाठीवर ससा.

वाटेच्या कडेला ज्वाळाही काढलेल्या असतात. त्या म्हणजे लागणारा जोर. सुरुवातीला मोठ्या, पुढं लहान, वरच्या टप्प्यांवर नाहीतच. म्हणजे जोर कमी करत जाणं, हेच शिक्षण. आणि जो जोर कमी करत नाही, आवळतच जातो, त्याला 'लुंग' होतो.

तिबेटी वैद्यकात, सोवा रिग्पात, शरीराचे तीन दोष आहेत आणि त्यातला लुंग म्हणजे वायू. मन लुंगावर स्वार होऊन फिरतं, अशी त्यांची समजूत. धास्ती, शोक, जागरण, रिकामं पोट, अति विचार आणि ताणून केलेलं ध्यान, यानं तो बिघडतो नि वर चढतो. मग छाती भरून येते, उसासे येतात, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखतं, झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवर राग येतो, उगाच रडू येतं. मठांतल्या अभ्यासू भिक्खूंना हा त्रास होतो हे तिथं सगळ्यांना माहीत असतं, त्यात लाजण्यासारखं काही मानत नाहीत. पथ्य ऐकून मी चकित झाले. ध्यान बंद. गरम, स्निग्ध, पोटभर खा. अंगाला तेल लावून घ्या. उबदार जागी राहा. लांबवर नजर जाईल अशा ठिकाणी बसा. आणि आवडत्या माणसांत राहा. औषध म्हणून जवळची माणसं लिहून देणारं शास्त्र मला तरी दुसरं भेटलेलं नाही. एक उपाय आणखी: ओव्याजिऱ्याच्या जातीच्या बियांची कापडात पुरचुंडी बांधायची, ती गरम तेलात बुडवायची आणि तळहात, छातीचं मधलं हाड, मानेखालचा मणका अशा ठरलेल्या जागी शेकायचं.

पुरचुंडीचं ऐकताना मला औशाकडची माझी आत्या आठवली. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा निजलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भाग हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर आल्या. आत्याचं घर तडा जाऊन उभं राहिलं, माहेरचं राहिलं नाही. पुढं कितीतरी महिने आमच्याकडं कुणी छताखाली निजलं नाही. लातूर शहरातही अंगणात बाजा टाकलेल्या असत. आत्या पहाटे तीनला उठून बसायची आणि म्हणायची, "माय, छातीत वारं भरलंय." ईसीजी काढला, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही तुम्हाला. आत्या आणखी घाबरली, कारण वारं तर होतंच. शेवटी गल्लीतल्या बायांनी आपल्या पद्धतीनं घेतलं: तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीनं छाती शेकायची, पाठीला तीळतेल चोळायचं, ज्वारीची गरम कण्हेरी तूप घालून पाजायची, आणि रोज रात्री दोघी जणी तिच्या दोन्ही बाजूंना झोपायच्या. यानं ती पुरती बरी झाली असं नाही. पुढं मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या घ्याव्याच लागल्या आणि त्यांचा गुणही आला. पण त्या पहिल्या काळात ती तगली ती या बायांमुळं. धरमकोटच्या थंडीत लुंगाचं पथ्य ऐकताना आमची अंगणातली रांग डोळ्यांपुढं आली.

साम्य योगायोगाचं नाही. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' अकराव्या शतकात तिबेटीत गेला. रिन्चेन झांगपो (958 ते 1055) या थोर भाषांतरकाराचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. तिथल्या वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'ग्युशी', त्यात आपला वात ओळखू येतो. पण एवढं कळलं की आपल्याकडं लगेच छाती फुगते: बघा, सगळं आपलंच! नालंदा जळाली, विक्रमशिला गेली, आपण विसरलो. त्यांनी हजार वर्षं पाठ केलं, त्यात भर घातली, आणि 1959 नंतर घरदार सोडून येताना पोथ्या पाठीवर आणल्या. आपल्या सरकारनं सोवा रिग्पाला कायद्यानं मान्यता दिली ती 2010 साली. श्रेय द्यायचं तर त्यांना देऊ.

जाता जाता एक सावधगिरी. योगवर्गांत 'फाइव्ह तिबेटन्स' नावाचे पाच व्यायाम शिकवतात, एकवीस-एकवीस वेळा, तारुण्य परत येतं म्हणून. ते 1939 साली पीटर केल्डर नावाच्या माणसानं अमेरिकेत छापले, एका निवृत्त कर्नलच्या गोष्टीत घालून. व्यायाम म्हणून वाईट नाहीत. मात्र तिबेटी परंपरेत त्यांचा माग लागत नाही.

आपल्याकडं ध्यान म्हटलं की इगतपुरी. 1976 पासून तिथं गोएंकाजींच्या विपश्यनेची दहा दिवसांची मौन शिबिरं चालतात आणि मराठवाड्यातून जाणारे पुष्कळ. दाभडच्या बावरीनगर महाविहारातल्या धम्म परिषदेला पौषात लोटणारी गर्दी तर नांदेडकरांना नवी नाही. 2019 च्या नोव्हेंबरात दलाई लामा औरंगाबादला नागसेनवनात आले होते, तेव्हाही आपल्याकडून गाड्या भरून माणसं गेली. विपश्यनेत जे आहे ते पाहायचं. तिबेटी पद्धत कल्पनेलाही कामाला लावते. तिथल्या साधनांत मला सगळ्यात अवघड गेलं ते तोंगलेन. दुसऱ्याचं दुःख श्वासाबरोबर आत घ्यायचं आणि आपलं बरं-भलं उच्छ्वासाबरोबर त्याला द्यायचं. ज्या शिकवणीत हे बसतं तिचा माग विक्रमशिलेहून 1042 साली तिबेटात पोचलेल्या आचार्य अतिश यांच्यापर्यंत नेतात. विश्रांतीसाठी आलेल्या बाईला हे उलटंच वाटणार. पण आतल्या पानावरची शेतकऱ्याच्या आत्महत्येची चार ओळींची बातमी आपली नजर किती सफाईनं ओलांडते, ते बघा. त्या ओलांडण्यालाही आतून जोर लागतो, आणि तो रोज लागतो. तोंगलेन करताना तो जोर थोडा सुटतो, असा माझा अनुभव. रोज जमत नाही. जमेल तेव्हा करते.

शिकायचं असेल त्यानं हिमालयच गाठावा असं नाही. लातूरकरांना कर्नाटकातलं मुंडगोड जवळ पडेल, हुबळीच्या पुढं. 1966 साली तिथं तिबेटी वसाहत झाली, आणि ल्हासाजवळचे द्रेपुंग, गादेन हे मोठे मठ तिथं नव्यानं उभे राहिले. आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही वसाहत आहे. मात्र झोप कित्येक आठवडे गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ना धरमकोट ना मुंडगोड, आधी डॉक्टर. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता त्या पहाटेच्या तासाबद्दल. 2000 साली धर्मशाळेत दलाई लामांसोबत काही शास्त्रज्ञ विध्वंसक भावनांवर चर्चेला बसले होते. त्यातून भावनिक संतुलनाचा एक अभ्यासक्रम निघाला. पॉल एकमन हे मानसशास्त्रज्ञ आणि तिबेटी परंपरेत शिकलेले अॅलन वॉलेस यांनी तो बांधला. धर्माचा आग्रह बाजूला ठेवून ध्यान आणि भावनांची ओळख, दोन्ही एकत्र. त्याची चाचणी कुणावर घेतली? विद्यार्थ्यांवर नाही. 82 शाळामास्तरणींवर. 8 आठवड्यांत 42 तास. 2012 साली निष्कर्ष छापून आले: शिकलेल्या बायांची चिंता, उदासी, तेच तेच उगाळणं कमी झालं होतं. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. वर्गातला वारा बहुधा फळ्याकडून बाकांकडं वाहतो. लातूरच्या शिकवण्यांनी पोरांना पहाटे निजू द्यावं आणि हे 42 तास आधी सरांना द्यावेत.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो हिशेब करून म्हणाला, "मावशी, 42 तासांत आमच्या सरांचं अख्खं मेकॅनिक्स होतं. ते कशाला बसतील?" मग विचारलं, "ते हात वर न्यायचं पुन्हा सांग. एक मिनिट म्हणजे किती, साठच ना?"