मोतीचं काय करायचं?



आमच्या नाकाडोंगरीतलं ओळखीचं एक कुटुंब. खाणीतली नोकरी संपली, मुलगा मालवणला, म्हणून दिवाळीनंतर दोघंही तिकडेच राहायला निघालेत. सगळं ठरलं, राहिला फक्त नऊ वर्षांचा मोती. "इथेच राहू दे, गल्लीत कुणीही पोळी घालेल," असं चाललं होतं. मला ते पटलं नाही आणि वहिनींना मी तसं सांगितलं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण हे चार डोळ्यांना दिसतात. पाचवा अन्नपाननिरोध, तो आपल्या लक्षातच येत नाही. नऊ वर्षं आपल्या हातचं खाल्लेल्या जिवाला दार बंद करून निघून जाणं दुसरं काय आहे? १९६० च्या कायद्यानेही जनावराला उपाशी-तहानलेलं राहील असं टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! त्या धाकाने कोण थांबणार?

पांजरपोळीचंही नाव निघालं. मुंबईची पांजरपोळ १८३४ मध्ये सुरू झाली, तेव्हा रस्त्यावरची कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी ती सोय. मोतीला माणसं आहेत.

मग खर्चाचा मुद्दा. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली पेटी. म्हाताऱ्या कुत्र्याला इतक्या लांब पेटीत मी तरी पाठवणार नाही. पण सोफा-कपाटासाठी ट्रक ठरवताना कुणी असा हिशेब मांडला नव्हता. कॉमर्स शिकलेय, जमाखर्च मलाही कळतो.

वहिनींची खरी भीती वेगळीच निघाली. "तिकडे किनाऱ्यावर तो मासळीला तोंड लावेल हो!" लावेलही. तो तिर्यंच जीव. व्रत आपण घेतलंय, त्याने नाही. घरात दूध-पोळी द्यावी, किनाऱ्यावर साखळी हातात ठेवावी. मला त्याहून काळजी दमट हवेची आणि गोचिडांची वाटते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय असलेलं अंग ते, पावसाळ्यात रोज पुसून कोरडं करावं लागेल.

काल ते मोतीला तुमसरला नेऊन रेबीजची लस देऊन आले. आता गाडी करून, वाटेत कोल्हापूरला मुक्काम करून जायचं म्हणताहेत. माझ्याकडून प्रवासासाठी खाकरे देणार आहे, त्यातले दोन मोतीचे.